‘आम्ही’ आणि ‘आपण’ : एल साल्वादोरमधील पलायनस्मृतींची कथनमीमांसा

१

लॅटिन अमेरिकेतील ‘तेस्तिमोनिओ’ या साक्षीकथनाच्या प्रकाराची जी सैद्धांतिक मांडणी झाली, तिच्या मुळाशी एक व्याकरणिक गृहीतक आहे. या प्रकारातील निवेदक ‘मी’ म्हणत असला, तरी त्या ‘मी’चा आवाका ‘आम्ही’चा असतो, एका व्यक्तीच्या मुखातून समूह बोलत असतो, असे हे गृहीतक. १९६६ मध्ये मिगेल बार्नेत यांनी क्यूबातील एका पळालेल्या गुलामाचे कथन शब्दबद्ध केले. १९७० मध्ये हवाना येथील ‘कासा दे लास आमेरिकास’ या संस्थेने आपल्या पारितोषिकांत या प्रकारासाठी स्वतंत्र विभाग केला. १९८३ मध्ये ग्वातेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांचे कथन एलिझाबेथ बुर्गोस यांच्या संपादनाने ग्रंथरूप झाले. जॉन बेव्हर्ली यांनी १९८९ मधील आपल्या निबंधात या प्रकाराची लक्षणे नोंदवली : निवेदक हा प्रसंगाचा प्रत्यक्ष भोक्ता किंवा साक्षीदार असतो, बहुधा तो स्वतः लिहीत नाही, दुसरा कोणी त्याचे बोलणे टिपून घेतो, आणि त्याच्या बोलण्यामागे समूहावरील संकटाची निकड असते. कादंबरीचा नायक समाजाशी झगडत एकाकी होतो, तर तेस्तिमोनिओचा निवेदक समूहापासून विलग होऊच शकत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा होय.

हे गृहीतक बव्हंशी ग्राह्य आहे. परंतु ते ज्या संहितांवरून सिद्ध करण्यात आले, त्या मुख्यतः जीवनकथा आहेत. जीवनकथेत समूह कितीही पीडित असला तरी त्याला गाव, मळा किंवा जमात असा एक स्थिर आकार असतो. समूहच धावत असेल, विखुरत असेल, आणि त्याचे वाचणे त्यातील एखाद्या जिवाच्या गप्प राहण्यावर अवलंबून असेल, तर ‘आम्ही’ या सर्वनामाचे काय होते, हा प्रश्न या मांडणीत पुरेसा विचारला गेलेला नाही. एल साल्वादोरच्या यादवी युद्धात सैन्यापासून पळालेल्या नागरिकांच्या स्मृती हा प्रश्न अटळपणे उपस्थित करतात.

२

१९८० ते १९९२ या काळातील या युद्धात सुमारे ७५,००० माणसे मारली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सत्यशोधन आयोगाने मार्च १९९३ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. आयोगाकडे २२,००० हून अधिक तक्रारी आल्या होत्या, आणि त्यांपैकी सुमारे ८५ टक्के तक्रारींचा रोख सैन्य, सुरक्षादले, त्यांच्या आश्रयाने चालणारी निमलष्करी दले आणि मारेकरी पथके यांच्यावर होता. अहवालानंतर पाचच दिवसांत विधिमंडळाने सर्वसाधारण माफीचा कायदा संमत केला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो घटनाबाह्य ठरवायला २०१६ साल उजाडले.

चालातेनांगो, काबान्यास, मोरासान आणि सान विसेंते या ग्रामीण प्रांतांत सैन्याने अवलंबलेली नीती ‘माशाचे पाणी काढून घेणे’ या शब्दांत सांगितली जाते. बंडखोर हे मासे आणि शेतकरी वस्ती हे पाणी. मासा हाती लागत नसेल तर पाणीच आटवावे, असा तिचा तर्क. या नीतीतून जो अनुभव जन्मला, त्यासाठी साल्वादोरी शेतकऱ्यांच्या बोलीत ‘गिंदा’ हा शब्द रूढ झाला. सैन्य येत असल्याची चाहूल लागताच अख्खी वस्ती रातोरात घरे सोडून निघे. त्यात म्हातारी माणसे, गरोदर बाया, अंगावर पिणारी मुले असत. दिवसा ओघळींत किंवा झुडपांत दडून राहायचे, रात्री एकामागे एक चालायचे, चूल पेटवायची नाही, बोलायचे नाही, हा तिचा नियम. कधी ती काही दिवसांची असे, कधी काही आठवड्यांची. परतल्यावर घरे जळालेली आणि पिके तुडवलेली असत. आणि काही महिन्यांनी पुन्हा निघावे लागे. ‘गिंदा’ला मराठीत ‘पलायन’ म्हटले तर त्यात भित्रेपणाची छटा येते, आणि ‘स्थलांतर’ म्हटले तर तिच्यातील धाप हरवते. त्यामुळे येथे मूळ शब्दच ठेवणे इष्ट.

या गिंदांपैकी काहींचा शेवट हत्याकांडात झाला. १४ मे १९८० रोजी चालातेनांगोमधील लास आरादास येथे, सुंपुल नदीच्या काठी, होंडुरासकडे निघालेल्या लोकांना सैन्याने, नॅशनल गार्डने आणि ‘ओर्देन’ या निमलष्करी संघटनेने गाठले. नदी ओलांडू पाहणाऱ्यांना पलीकडच्या होंडुरासी सैनिकांनी अडवले. किमान ३०० निःशस्त्र माणसे मारली गेली, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. ही वार्ता होंडुरासमधील सांता रोसा दे कोपान या धर्मप्रांतातील धर्मगुरूंनी जून १९८० मधील निवेदनाने जगापुढे मांडली. मार्च १९८१ मध्ये काबान्यासमधील हजारो लोक लेंपा नदी ओलांडून होंडुरासमध्ये गेले, तेव्हा त्यांच्यावरही मारा झाला. ऑगस्ट १९८२ मध्ये सान विसेंतेमधील एल कालाबोसो येथे नदीकाठी थांबलेल्या पळत्या लोकांची कत्तल झाली.

३

हत्याकांडाला स्थळ असते. गिंदेला वाट असते. हा भेद भौगोलिक वाटला तरी त्याचे परिणाम कथनाच्या रूपबंधावर होतात. डिसेंबर १९८१ मधील एल मोसोते येथील हत्याकांड आणि त्याची साक्षीदार रुफिना अमाया यांचे कथन हे या संदर्भात उपयुक्त तुलनास्थान आहे. तेथे गाव ठरलेले आहे, दिवस ठरलेला आहे, सैन्याची तुकडी ‘अत्लाकात्ल’ बटालियन ही ठरलेली आहे, आणि सांगणारी बाई एकटी आहे. जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकेतील दोन प्रमुख वृत्तपत्रांनी तिचे सांगणे छापले, तेव्हा अमेरिकी शासनाने त्याविषयी संशय निर्माण केला. १९९२ मध्ये उत्खनन झाले आणि चर्चलगतच्या एका लहान इमारतीत १४३ देहांचे अवशेष ओळखले गेले. त्यांतील १३१ अवशेष बारा वर्षांखालील मुलांचे होते. मातीने साक्षीला दुजोरा दिला. स्थळ असले की खणता येते.

गिंदेची वाट खणता येत नाही. वाटेत भुकेने गेलेले तान्हे मूल, ओघळीत मागे राहिलेली म्हातारी, अंधारात हातातून सुटलेला मुलाचा हात यांना नकाशावर बिंदू नसतो. स्मारक हत्याकांडाच्या जागी उभे राहते, कायद्यालाही घटना लागते. मे आणि जून १९८२ मध्ये चालातेनांगोत झालेल्या लष्करी मोहिमेला तेथील लोक ‘मे महिन्याची गिंदा’ म्हणतात. तिच्यात सात आणि तीन वर्षांच्या दोन बहिणी सैनिकांच्या हाती लागल्या, असे त्यांच्या कुटुंबाचे सांगणे. हे प्रकरण आंतरअमेरिकी मानवी हक्क न्यायालयापुढे गेले आणि १ मार्च २००५ रोजी निकाल लागला. परंतु एल साल्वादोरने या न्यायालयाची अधिकारिता १९९५ मध्ये आणि त्यापुढील काळापुरती स्वीकारलेली होती. परिणामी १९८२ मधील बेपत्ता होणे हे स्वतंत्र कृत्य म्हणून न्यायकक्षेबाहेर राहिले, आणि १९९५ नंतरच्या तपासातील कुचराईबद्दल राज्याला दोषी धरण्यात आले. कुटुंबाच्या दृष्टीने जी गोष्ट एका रात्री सुरू झाली आणि कधी संपलीच नाही, तिचा न्यायालयाला दिसू शकणारा भाग तेरा वर्षांनंतर सुरू होतो. कथनाचा काळ आणि कायद्याचा काळ यांतील हे अंतर समीक्षेने गंभीरपणे घेतले पाहिजे. कारण साक्षीकथनाकडून न्यायालयीन काटेकोरपणाची अपेक्षा करणारा वाचक नकळत कायद्याचाच काळ प्रमाण मानत असतो.

४

आता काळाचाच विचार पुढे नेता येईल. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दाखवून दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. इटलीतील तेर्नी येथे लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मेला. पण अनेक कामगारांच्या आठवणीत त्याचा मृत्यू १९५३ मधील मोठ्या कामगारकपातीच्या लढ्यात जाऊन बसला. स्मृतीची ही चूक पोर्तेल्ली यांनी अर्थाचा पुरावा म्हणून वाचली. डोरी लाउब यांनी आउश्वित्झमधील उठावाविषयीच्या एका स्त्रीच्या साक्षीबाबत असेच प्रतिपादन केले. तिने चार धुरांडी उडालेली पाहिल्याचे सांगितले, इतिहासकारांच्या मते एकच उडाले होते. तरी अशक्य वाटणारी गोष्ट घडली हे सत्य तिच्या साक्षीत होते.

या दोन्ही उदाहरणांत एक विशिष्ट घटना आहे, आणि स्मृती तिच्यापासून किती सरकली हे मोजता येते. गिंदेच्या स्मृतीत मोजपट्टीच नाहीशी होते, कारण जे घडले ते अनेकदा घडले. एकाच कुटुंबाच्या चार-पाच गिंदा आठवणीत एकमेकींत मिसळतात. त्या ओळखल्या जातात तारखांनी नव्हे, तर कोणती नदी लागली, कोणते मूल पोटात होते, कोण गेले, अशा खुणांनी.

स्पॅनिश भाषेचे एक वैशिष्ट्य या मिसळीला साथ देते. त्या भाषेत कर्तृपद बहुधा गाळले जाते आणि पुरुष-वचन क्रियापदाच्या प्रत्ययातून कळते. त्यातही अनेक क्रियापदांची प्रथमपुरुषी अनेकवचनी रूपे वर्तमानात आणि साध्या भूतकाळात एकसारखीच असतात. ‘सालिमोस’ म्हणजे आम्ही निघतो आणि आम्ही निघालो. ‘कामिनामोस’ म्हणजे चालतो आणि चाललो. ‘क्रुसामोस’ म्हणजे ओलांडतो आणि ओलांडले. ‘उइमोस’ म्हणजे पळतो आणि पळालो. संदर्भाने काळ बहुधा स्पष्ट होतो, हे खरे. तरीही पलायनाची मूलभूत क्रियापदेच ‘आम्ही’च्या रूपात काळाचा भेद पुसणारी असावीत, ही गोष्ट दुर्लक्षणीय नाही. ‘मी’च्या रूपात हा संदिग्धपणा नाही, ‘मी निघतो’ आणि ‘मी निघालो’ यांसाठी तेथे वेगळी रूपे आहेत. काळ विरतो तो समूहवाचक रूपात. मराठी अनुवादकाला मात्र दर वाक्यात ‘निघतो’ की ‘निघालो’ हे ठरवणे भाग पडते, आणि तेथे तो एका अर्थी न्यायालयाचेच काम करू लागतो.

५

गिंदेचा पहिला नियम मौन हा होता, याचा उल्लेख वर आला आहे. तो नियम पाळू न शकणारा एकच सदस्य समूहात असे : तान्हे मूल. मूल रडले तर शेकडो माणसांची जागा सैनिकांना कळे. मुलांची तोंडे दाबली गेली, तोंडात कापड कोंबले गेले आणि त्यात काही मुले गुदमरून मेली, ही हकीकत वेगवेगळ्या प्रांतांतील वाचलेल्यांच्या कथनांत येते. रुफिना अमाया यांच्या साक्षीतही याचा प्रतिध्वनी आहे. आपल्या मुलांच्या हाका ऐकू येत असताना हुंदका बाहेर पडू नये म्हणून त्यांनी मातीत हातांनी खळगा करून त्यात तोंड खुपसले होते. गिंदेतील मातेला मात्र स्वतःचा नव्हे, मुलाचा आवाज दाबावा लागला.

या ठिकाणी ‘आम्ही’ तडकतो. समूहाचे वाचणे आणि त्यातील एका जिवाचे वाचणे या दोन गोष्टी येथे परस्परविरोधी होतात. जो समूह या कथनात ‘आम्ही’ म्हणून बोलतो, तो या मृत्यूमुळे वाचलेला समूह असतो, आणि जिने मूल गमावले ती या ‘आम्ही’त असतेही आणि नसतेही. बेव्हर्ली यांच्या मांडणीतील निवेदक समूहाच्या वतीने निःशंकपणे बोलू शकतो, कारण समूहाचे आणि त्याचे हित एकच असते. गिंदेत एका रात्रीपुरते ते एक राहत नाही.

या तड्याकडे पाहणे त्या काळी संशोधकांनाही जड गेले. मानवशास्त्रज्ञ फिलिप बूर्ग्वा हे नोव्हेंबर १९८१ मध्ये काबान्यासमध्ये अशाच एका पलायनात सापडले आणि चौदा दिवस लोकांबरोबर पळत होते. २००१ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या टिपणांचे फेरवाचन केले. अमेरिकी मदतीवर चालणाऱ्या सैन्याचे अत्याचार जगापुढे मांडण्याच्या निकडीत, पळणाऱ्या लोकांच्या आतील भय, परस्परांविषयीचा संशय आणि अपराधभाव आपल्या आधीच्या लेखनातून गाळले गेले, याची प्रांजळ कबुली त्यांनी दिली. म्हणजे सिद्धांतातील एकसंध ‘आम्ही’ हे काही प्रमाणात लिहिणाऱ्याच्या राजकीय गरजेतून घडलेले रूप होते. ती गरज खोटी नव्हती, पण तिची किंमत त्या मातांच्या अनुभवाने मोजली.

अशा मृत्यूविषयी बोलताना स्पॅनिश भाषक ज्या रचनेचा आश्रय घेऊ शकतो, ती येथे लक्षणीय ठरते. ‘से मे मुरिओ’ या रचनेत मरण्याची क्रिया मुलाची असते, आणि तिचा आघात झेलणारी आई ‘मला’ या चतुर्थीत उभी असते. तिने काही केले असे ही रचना म्हणत नाही, तिचा काही संबंध नव्हता असेही म्हणत नाही. मराठीत ‘माझे मूल गेले’ म्हटले तर हातांचा उल्लेख पुसला जातो. ‘माझ्या हातून मूल गेले’ म्हटले तर तो कबुलीजबाब होतो. मूळ रचना या दोन टोकांच्या मधली जागा राखते, आणि ती जागा राखणे हाच त्या कथनाचा नैतिक आशय आहे. तो आशय ज्या अनुवादात किंवा विश्लेषणात टिकत नाही, त्याने साक्ष समजून घेण्याऐवजी साक्षीदाराचा निवाडा केला, असेच म्हणावे लागेल.

येथे एक आक्षेप संभवतो. अशी संदिग्धता जपणे म्हणजे सत्याची टाळाटाळ नव्हे काय? डेव्हिड स्टोल यांनी १९९९ मध्ये मेंचू यांच्या कथनातील काही तपशिलांना आव्हान दिल्यानंतर हा वाद तीव्र झाला, आणि साक्षीकथनाचे कैवारी पडताळणीलाच विरोध करू लागल्याचे चित्र काही काळ उभे राहिले. परंतु एल मोसोतेच्या उत्खननाने दाखवले की पडताळणी ही साक्षीची शत्रू नाही. गोळी कोणी झाडली, आदेश कोणी दिला, मुलांना कोणी नेले, हे प्रश्न पडताळलेच पाहिजेत. फादर जॉन कोर्तिना यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये स्थापन झालेली ‘प्रो-बुस्केदा’ ही संस्था गिंदांत बेपत्ता झालेल्या मुलांचा शोध घेते. परदेशांत दत्तक गेलेली काही मुले तिने शोधून काढली आहेत, ती काटेकोर पडताळणीच्याच बळावर. मात्र ‘तोंड कोणी दाबले’ हा प्रश्न या मालिकेतला नाही. रडणे हा प्राणघातक प्रमाद ठरावा अशी परिस्थिती ज्यांनी निर्माण केली, त्यांच्याकडून तो प्रश्न त्या बाईकडे सरकवणे म्हणजे उत्तरदायित्वाची दिशाच उलटवणे होय.

६

मराठी वाचकाजवळ या प्रश्नाच्या विचारासाठी एक साधन आहे, जे स्पॅनिश किंवा इंग्रजी भाषेत नाही. त्या भाषांत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी एकच सर्वनाम आहे. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. दरवर्षी १४ मे रोजी सुंपुलच्या काठी वाचलेली माणसे आणि त्यांची मुले-नातवंडे जमतात. तेथे सांगणारा जे अनेकवचन वापरतो, त्याचा मराठी अनुवाद ‘आपण’ असाच करावा लागेल. तीच व्यक्ती आयोगापुढे किंवा परदेशी संशोधकापुढे बोलते तेव्हा तेच सर्वनाम ‘आम्ही’ होते. शब्द बदलत नाही, श्रोता बदलतो, आणि त्यासरशी समूहाची सीमा बदलते. तेस्तिमोनिओच्या सिद्धांताने वाचकाच्या सहभावाला जे महत्त्व दिले, त्यात या सर्वनामाला सरसकट ‘आपण’ मानण्याची घाई दिसते.

मराठी साहित्यातील दोन ग्रंथशीर्षके या संदर्भात बोलकी आहेत. बेबी कांबळे यांनी १९८६ मध्ये ग्रंथरूप झालेल्या आपल्या आत्मकथनाला ‘जिणं आमुचं’ म्हटले, ‘आपलं’ म्हटले नाही. त्या ‘आमुचं’मध्ये सवर्ण वाचकाला वगळण्याचा हक्क बजावलेला आहे. तो वाचक हे जिणे समजून घेऊ शकतो. त्यावर मालकी सांगू शकत नाही. उलट विष्णुभट गोडसे यांनी १८५८ मधील झाशीचा पाडाव प्रत्यक्ष अनुभवला आणि पुढे तो लिहून काढला, तेव्हा त्या लेखनाचे शीर्षक ‘माझा प्रवास’ असे झाले. कत्तलीतून वाचलेल्या नागरिकाची ती साक्ष एकवचनात आहे, कारण भिक्षुकीसाठी परमुलखात आलेला तो ब्राह्मण त्या नगराच्या ‘आम्ही’त पूर्णपणे मोडत नव्हता. तो ग्रंथ १९०७ मध्ये चिं. वि. वैद्य यांनी संपादून, बदल करून प्रसिद्ध केला आणि मूळ हस्तलिखितावरील आवृत्ती द. वा. पोतदार यांनी १९६६ मध्ये आणली. साक्षीदार आणि वाचक यांच्यामध्ये उभा असलेला टिपणारा हात हा केवळ लॅटिन अमेरिकेचा प्रश्न नाही, याची ही आठवण.

या विवेचनातून तेस्तिमोनिओच्या सिद्धांतात एक दुरुस्ती सुचते. समूहवाचक ‘मी’ ही या प्रकाराची सिद्ध अवस्था मानण्याऐवजी ती प्रत्येक कथनात नव्याने जुळवावी लागणारी, आणि काही ठिकाणी न जुळणारी, गोष्ट मानली पाहिजे. गिंदेच्या स्मृतींत ती जुळते नदीच्या, तहानेच्या, चालण्याच्या वर्णनांत. तुटते मुलाच्या रडण्यापाशी. समीक्षकाने लक्ष द्यावे ते या तुटण्याच्या जागेकडे. वाक्य तेथे कर्त्याविना येत असेल तर त्यात कर्ता भरू नये, ‘एक बाई होती’ अशा तृतीयपुरुषात येत असेल तर ती बाई कोण हे विचारू नये, आणि ‘आम्ही’ म्हणून येत असेल तर त्याचे घाईने ‘आपण’ करू नये. युद्ध संपून तीन दशके उलटली असली, तरी या स्मृती सांगणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. तिची वाक्ये जशी आली तशी, त्यांतील रिकाम्या जागांसह, पुढे पोहोचवणे एवढे तरी टिपणाऱ्या हाताला करता येईल.